दाराखालची चप्पल

मी एक जुनी बस आहे. मित्रांनो, रोज सकाळी हिंजवडीच्या रस्त्यावर पांढऱ्या बसगाड्यांची रांग लागते ना, त्या रांगेत मी कित्येक वर्षं उभी होते. त्या गर्दीत आम्हाला घडवणारा मिस्त्री आला असता तरी त्याला आपली कोणती आणि परकी कोणती हे सांगता आलं नसतं, तेव्हा तुम्ही मला ओळखलं नाहीत तर मी रुसणार नाही. पण माझ्या शेवटच्या सीटवर एके दुपारी एक मुलगी पुस्तक वाचत बसली होती. त्या दुपारी काय घडलं हे माझ्याइतकं जवळून कोणीच पाहिलेलं नाही. म्हणून ही हकीकत मीच सांगायला हवी.

माझा जन्म तसा साधाच. सांगाडा एका कारखान्यात तयार झाला आणि अंगावरचा पत्रा भोसरीच्या एका शेडमध्ये ठोकला गेला. ठोकणाऱ्यांना घाई होती, कारण तेव्हा पुण्यात सगळ्यांनाच घाई सुटली होती. नवे कारखाने, नव्या गाड्या, घरोघरी रंगीत टीव्ही. पहिली काही वर्षं मी पिंपरीतल्या कामगारांना नेलं-आणलं. ती माणसं मोठी बडबडी. गुरुवारी भजन, रोज क्रिकेटवरून भांडण, आणि त्यांच्या डब्यांतल्या ठेच्याचा वास माझ्या सीटांमध्ये असा मुरला की पुढे कितीही धुतलं तरी तो गेला नाही. तेव्हा माझ्या खिडक्या सरकत्या होत्या आणि आत भरपूर वारा यायचा. मग कारखान्यातल्या पाळ्या कमी झाल्या, माणसं कमी झाली आणि एक दिवस मलाही विकून टाकलं.

मला घेतलं एका ठेकेदाराने. त्याच्या बसगाड्या हिंजवडीच्या कंपन्यांना लावलेल्या होत्या. त्याने मला पांढरा रंग दिला, छतावर एसी बसवला, काचांना काळी फिल्म लावली आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या स्क्रू मारून पक्क्या करून टाकल्या. ड्रायव्हरची केबिन काचेची भिंत घालून वेगळी केली. मागे संकटाच्या वेळी उघडायची एक मोठी खिडकी असते, तिच्या मुठीवरूनही रंगाऱ्याने बिनधास्त ब्रश फिरवला आणि मूठ जागच्या जागी चिकटून बसली. काच फोडायची लाल हातोडी तर पहिल्याच महिन्यात कोणीतरी घरी नारळ फोडायला नेली असावी. एका गोष्टीवर मात्र ठेकेदाराने हात आखडता घेतला. माझ्या दाराखालची रबरी पट्टी झिजून फाटली होती, ती काही त्याने बदलली नाही. तिच्या फटीतून धूळ आत यायची आणि एवढ्या नटव्या अंगाला ते एकच ठिगळ, याची मला फार लाज वाटायची.

माझा ड्रायव्हर उत्तरेश्वर. बार्शीकडचा, आवाजाने मोठा आणि मनाने हळवा. कोथरूडहून तो माणसं भरायचा आणि कंपनीच्या दारात उतरवायचा. ही माणसं पूर्वीच्या कामगारांसारखी नव्हती. कानात वायरी घालून बसली की चांदणी चौक येईपर्यंत निम्मी झोपलेली असत. जागी असायची ती नीरजा नावाची एक मुलगी. ती पुस्तक वाचायची. एकदा तिने दोन मोठ्या पिशव्या भरून आपली लहानपणची पुस्तकं आणली. घराला रंग लावायचा होता आणि तिचे वडील ती पुस्तकं रद्दीत घालायला निघाले होते.

"काका, ही इथे वरच्या कप्प्यात राहू देत का? ऑफिसमध्ये कोणाला तरी देऊन टाकीन."

ऑफिसमध्ये ती पुस्तकं कोणीच घेतली नाहीत. तिथल्या लोकांना मुलं नव्हती, आणि ज्यांना होती त्यांना वेळ नव्हता.

मित्रांनो, कंपनीच्या बसचं आयुष्य मोठं विचित्र असतं. सकाळी धावपळ, संध्याकाळी धावपळ आणि मधला अख्खा दिवस उन्हात उभं राहणं. उत्तरेश्वर मला दत्तोबांच्या माळावर नेऊन लावायचा. दत्तोबांची शेतजमीन कंपन्यांच्या इमारतींखाली गेली होती. बंगला झाला होता, दारात मोठी गाडी आली होती, पण त्यांनी एवढा एक माळ आणि चार म्हशी हट्टाने राखल्या होत्या. माळापलीकडे पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. तिथे बांधकामावरची, मेसमध्ये राबणारी, रात्रपाळीला पहारा देणारी माणसं राहायची. त्यांची मुलं सकाळची शाळा आटोपून माळावर हुंदडायची, आणि एके दिवशी त्यांतल्या एकाने उघड्या दारातून डोकं आत घालून विचारलं, "काका, वर ती पुस्तकं कोणाची?"

तिथून सगळं सुरू झालं. उत्तरेश्वरने कायदा एकच केला. "चपला खाली पायरीपाशी काढायच्या. पुस्तकाला पाय लागला न्हाई पायजे, आन मला रोज झाडू मारायला लावायचं न्हाई." मुलं चपला काढून वर यायची. मग उत्तरेश्वरला त्या चपलांची अशी सवय लागली की तो मुलं मोजतच नसे. पायरीपाशी चपला आहेत म्हणजे आत कोणीतरी आहे. चपला नाहीत म्हणजे बस रिकामी. कोणाची चप्पल कोणती हेही त्याला पाठ. हिरवी सोनूची, टाचेला टाके घातलेली योगेशची, असं तो बसल्या बसल्या सांगायचा. नीरजाला हे कळलं तेव्हा तिने कंपनीच्या मागे लागून त्याचा रीतसर उपक्रम करून घेतला. 'वाचनथांबा' असं त्याचं नाव ठरलं. आणखी पुस्तकं आली, साहेबांचे फोटो निघाले, आणि माझ्या मागच्या काचेवर भलंमोठं रंगीत स्टिकर चिकटवलं. चिकटून बसलेल्या मुठीच्या अगदी वर.

आता भाग्यश्रीबद्दल सांगते. ही सुशीलाबाईंची मुलगी. सुशीलाबाई वाशीमकडून आलेल्या आणि मुलांच्या होस्टेलच्या मेसमध्ये दिवसभर पोळ्या लाटायच्या. भाग्यश्री पाचवीत होती. शेवटची लांब सीट, डावा कोपरा, पाय वर घेऊन बसायचं आणि पुस्तक गुडघ्यांवर उभं करायचं, ही तिची बैठक. उंच पाठीच्या सीटांमागे ती बसली की पुढून शेंडीसुद्धा दिसायची नाही. वाचायची ती अधाशासारखी. शिवाय तिने लेखकांची वाटणीही करून टाकली होती. हे घाबरवतात, हे भूक लावतात, आणि हे पुस्तकभर उपदेश करतात, ते आपल्याला नकोत! बाकीच्या मुलांना कोणतं पुस्तक द्यायचं हे तीच ठरवायची आणि उत्तरेश्वर गमतीने तिला मॅनेजरबाई म्हणायचा.

तिला सगळ्यांत आवडायच्या त्या सुनीतीताई. त्यांच्या गोष्टींतली मुलं खोटं बोलायची, पडायची, रागवायची आणि शेवटी स्वतःच मार्ग काढायची. एकदा भाग्यश्रीने नीरजाला विचारलं, "मॅडम, सुनीतीताई केव्हा वारल्या?"

"वारल्या? अगं, चांगल्या ठणठणीत आहेत. आमच्याच गल्लीत राहतात. काल भाजी घेताना भेटल्या."

भाग्यश्री बघतच राहिली. लेखक म्हणजे शाळेच्या भिंतीवरचा हार घातलेला फोटो, असं ती धरून चालली होती. तो भाजी घेतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी ती माझ्या दोन सीटांमधल्या वाटेतून उगाचच पाच-सहा वेळा पुढे-मागे पळाली. नीरजाने मग सुनीतीताईंना बोलावायचं ठरवलं. एप्रिलमधला दिवस ठरला, गावच्या शाळेचा हॉल ठरला, आणि भाग्यश्रीने सगळ्या मुलांसमोर छाती पुढे काढून सांगितलं, "मी ताईंची सगळी पुस्तकं वाचलीत. त्यांनी काहीही विचारू दे."

सगळी नव्हती वाचली. 'गुळाच्या गोदामातला पाहुणा' हे एक राहिलं होतं. ते योगेश घरी घेऊन गेला होता आणि आज देतो, उद्या देतो करत होता. शेवटी कार्यक्रमाच्याच दिवशी दुपारी त्याने ते तिच्या हातात ठेवलं. आणि त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली होती. माळावरच्या एका तपकिरी कुत्र्याने पायरीपाशी ठेवलेली तिची एक निळी चप्पल पळवली होती. सुशीलाबाईंनी कुठून तरी एक लाल पट्ट्याची चप्पल जोडीला आणून दिली आणि बजावलं, "ही गेली तं अनवाणी फिर. मी नाही आणत." त्यामुळे भाग्यश्री आता चपला पायरीपाशी ठेवतच नसे. पिशवीत घालून वर आणायची आणि सीटवर शेजारी ठेवायची. तिच्या पायातली ती निळी-लाल जोडी उत्तरेश्वरने पाहिली होती, पण ती आता पायरीपाशी नसते हे मुलांच्या गर्दीत त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. मला माहीत होतं, पण मला विचारतं कोण?

त्या दुपारी ऊन नुसतं रणरणत होतं. मुलं नटूनथटून आली होती. नीरजाने बक्षिसाची नवी पुस्तकं माझ्यात आणून ठेवली आणि ती ताईंना घ्यायला गेली. उत्तरेश्वरने पायरीवरून हाक दिली, "चला रं, हॉलवर चला! पाव्हणे येतील." मुलं भराभरा उतरली. भाग्यश्री उतरली नाही. निम्मं पुस्तक राहिलं होतं. हॉल असा हाकेवर, कार्यक्रम सुरू व्हायला अजून वेळ. पटकन संपवू आणि पळत जाऊ, असा तिचा बेत. मला तिची नस अन् नस ठाऊक होती.

"कोन ऱ्हायलं का रं आत?" उत्तरेश्वरने विचारलं.

ती गप्प राहिली. तिने मान आणखी खाली घातली. ओ दिली असती तर पुस्तक ठेवून उतरावं लागलं असतं. उत्तरेश्वरने सवयीने पायरीकडे पाहिलं. एकही चप्पल नव्हती. एरवी तो दार नुसतं लोटून जायचा, पण आज आत बक्षिसं होती. त्याने दार ओढलं, बाहेरून कडी घातली आणि कुलूप लावलं. केबिनचं मधलं दार त्याने आधीच त्याच्या बाजूने बंद केलं होतं. किल्ली खिशात टाकून तो शिट्टी वाजवत निघून गेला.

मित्रांनो, मला हॉर्न आहे, दिवे आहेत, एवढं मोठं इंजिन आहे. पण माणसाचा हात लागल्याशिवाय मला साधं खोकताही येत नाही. माझा जीव कसा तळमळला ते मलाच माहीत.

तिला आधी काही कळलंच नाही. गोष्ट ऐन रंगात आली होती. तिच्यातला मुलगा गुळाच्या गोदामात कोंडला गेला होता आणि बाहेर पावलं वाजत होती. भाग्यश्रीने ओढणीने कपाळ पुसलं, पान उलटलं, परत पुसलं. माझा पत्रा तापत चालला होता. वारा यायला कुठेच वाट नव्हती. शेवटचं प्रकरण उरलं तेव्हा तिने पुस्तकात बोट घातलं, मान वर केली आणि इकडेतिकडे पाहिलं. मग ती पुस्तक सीटवर टाकून दाराशी आली आणि तिने दार ढकललं. दार किंचित हललं, बाहेर कुलूप खडखडलं.

"काका?" ती हसतच म्हणाली. "ओ काका, मी आहे ना आत!"

माळावर कोणी नव्हतं. शेजारच्या इमारतीसाठी काँक्रीट कालवणारं यंत्र घरघरत होतं. पलीकडे दत्तोबा लिंबाखाली खाटेवर आडवे झाले होते, पण त्या घरघरीत त्यांना स्वतःचं घोरणंही ऐकू येत नसेल. भाग्यश्रीने हाका मारल्या. मग ती ओरडली. मग तिने दोन्ही हातांनी काचा बडवल्या. काळ्या फिल्ममधून तिला बाहेरचं सगळं दिसत होतं आणि बाहेरून ती कोणालाच दिसत नव्हती. तिने एकेक खिडकी ओढून पाहिली. स्क्रू जागचे हलले नाहीत. केबिनच्या काचेला नाक लावून तिने हॉर्नकडे पाहिलं. हॉर्न हाताच्या अंतरावर होता, पण मधे काच होती. ती धावत मागे गेली. मोठ्या खिडकीची मूठ तिला सापडली, तिने त्या मुठीवर सगळं अंग टाकलं. रंग निघाला नाही. तिच्या तळहाताची साल मात्र निघाली.

पुस्तकातल्या मुलाला गोदामाच्या भिंतीत एक झरोका सापडतो. ती माझ्या भिंतींवरून हात फिरवत झरोका शोधत होती. माझ्यात कुठला झरोका?

तिचा श्वास जलद चालायला लागला. चेहरा लालबुंद झाला होता आणि घाम यायचा कमी झाला होता, हे मला सगळ्यांत भयंकर वाटलं. ती वाटेत खाली बसली. "आई," ती हळूच म्हणाली. कोणाला ऐकू जावं म्हणून नव्हे, नुसतीच. मग ती सरकत सरकत दाराच्या पायरीवर आली आणि तिथे आडवी झाली. आणि तेव्हा तिच्या गालाला वारा लागला.

ती फाटकी रबरी पट्टी! जिची मला वर्षानुवर्षं लाज वाटली, तिच्या फटीतून माळावरची हवा आत येत होती. भाग्यश्रीने तोंड फटीला लावलं आणि ती श्वास घेऊ लागली. जरा हुशारी आल्यावर तिने फटीतून बोटं बाहेर काढली. पण बोटं कोणाला दिसणार? मग ती थबकली. माझी खात्री आहे, त्या क्षणी तिला उत्तरेश्वरचा कायदा आठवला. पायरीपाशी चप्पल म्हणजे आत कोणीतरी आहे. सरपटत जाऊन तिने पिशवी आणली, निळी चप्पल चपटी करून फटीतून ढकलली. चप्पल बाहेर पडली. कोणी आलं की आता दिसेलच, म्हणून ती वाट पाहू लागली.

आला तो कुत्रा. तोच तपकिरी. त्याने चप्पल हुंगली, आनंदाने शेपूट हलवली आणि ती तोंडात धरून आरामात निघून गेला. मला त्याला चिरडून टाकावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू?

आता लाल पट्ट्याची एकच चप्पल राहिली. भाग्यश्रीने तीही फटीतून अर्धी बाहेर काढली, पण या वेळी पट्टा आतून दोन बोटांत घट्ट धरून ठेवला. तिचे डोळे मिटत होते. एकदा मिटले की उघडायला वेळ लागत होता. बोटं सैल पडायला लागली होती, तेवढ्यात चपलेला बाहेरून जोराचा हिसका बसला. कुत्रा परत आला होता आणि त्याला जोडी पुरी करायची होती.

"सोड," ती पुटपुटली. "माझी आहे. सोड!" कुत्र्याला हा खेळच वाटला. तो गुरगुरत ओढायला लागला, ती आतून ओढायला लागली. दर हिसक्याला तिचे डोळे उघडत होते. माझं दार कुलपासकट खडखडत होतं.

हॉलमध्ये काय झालं ते मला नंतर कळलं. उत्तरेश्वरने ते नंतर इतक्या जणांना सांगितलं की मला पाठ झालं. सुनीतीताई आल्या, बसल्या आणि पहिलंच म्हणाल्या, "माझी सगळी पुस्तकं वाचलेली एक मुलगी आहे म्हणे इथे. एवढं तर माझ्या प्रकाशकानेही वाचलेलं नाही. कुठे आहे ती?" मुलांनी माना वळवल्या. भाग्यश्री नव्हती. "एक पुस्तक राहिलं होतं ना तिचं, म्हणून घाबरली असेल," योगेश म्हणाला. सगळी हसली. उत्तरेश्वरही हसला, आणि हसता हसता त्याची नजर हॉलच्या दाराशी काढलेल्या चपलांवर गेली. हिरवी होती. टाके घातलेली होती. एक निळी आणि एक लाल अशी जोडी नव्हती. घरी गेली असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. पण भाग्यश्री आणि आज घरी? तो अनवाणीच माळाकडे पळत सुटला.

मी त्याला लांबून येताना पाहिलं. त्याने आधी कुत्रा पाहिला. मग कुत्र्याच्या तोंडातली चप्पल पाहिली. मग ती चप्पल माझ्या दाराखालून येतेय हे पाहिलं, आणि उत्तरेश्वर असा ओरडला की खाटेवरचे दत्तोबा धडपडत उठले. घाईत त्याची किल्ली कुलपात जाईना.

"काय झालं रं? आत कोन हाय?" दत्तोबा धावत आले आणि त्यांनी किल्ली त्याच्या हातातून ओढून घेऊन कुलूप उघडलं. दार उघडताच भाग्यश्री उत्तरेश्वरच्या अंगावर कलंडली. चप्पल तिच्या बोटांत तशीच होती. दत्तोबांनी तिला उचलून लिंबाखाली नेलं, अंगावर म्हशींच्या हौदातलं पाणी ओतलं. "एकदम पाजू नगा. थोडं थोडं द्या. पोरी, डोळं उघड बघू!"

तिने डोळे उघडले तेव्हा तिच्याभोवती गर्दी जमली होती. सुनीतीताई मातीतच बसून पदराने तिला वारा घालत होत्या. भाग्यश्रीने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "ताई, मी खोटं बोलले. शेवटचं प्रकरण राहिलंय."

"अगं, ते प्रकरण लिहायला मलाच वर्ष लागलं होतं," सुनीतीताई म्हणाल्या. बोलणं फटकळ होतं, पण पदराचा वारा थांबला नव्हता. "तुला कसली एवढी घाई?"

"आणि एसी बसमध्ये झरोका नसतो."

सुनीतीताईंनी तिच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले.

सुशीलाबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. आधी त्यांनी मुलीच्या पाठीत एक धपाटा घातला, मग तिला अशी छातीशी धरली की सोडायला तयार होईनात. डॉक्टरांकडे नेण्यासाठी दत्तोबांनी आपली मोठी गाडी काढली. गाडीत बसताना सुशीलाबाई उत्तरेश्वरला म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या भरवशावर मी लेकरू धाडत होती." एवढंच. आवाज चढवला असता तर त्याला सोसलं असतं. तो माझ्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला.

भाग्यश्री संध्याकाळी बरी होऊन घरी आली. पण वाचनथांबा बंद पडला. कंपनीतल्या साहेबांनी दुसऱ्याच दिवशी स्टिकर खरवडून काढायला लावलं, आणि सुशीलाबाईंनी घरी जाहीर केलं, "आता पुस्तक नाही न् फिस्तक नाही." दुपारी माझं दार बंद असायचं. मुलं लांबून बघायची आणि निघून जायची. भाग्यश्री यायचीच नाही. मित्रांनो, रिकामी बस उन्हात किती तापते हे मला त्या दिवसांत कळलं.

उत्तरेश्वर मात्र स्वस्थ बसला नाही. रोज दुपारी तो पातं घेऊन त्या मुठीवरचा रंग खरवडायचा. एक दिवस मूठ कर्रर्र करत फिरली. नीरजाही हट्टाला पेटली. एकही काच सरकत नाही आणि हातोडीही नाही अशा बसमध्ये आम्ही बसणार नाही, असं तिने कंपनीत ठणकावून सांगितलं आणि बसमधल्या सगळ्यांनी तिला साथ दिली. ठेकेदार गारव्याच्या नावाने कुरकुरला, पण त्याने स्क्रू काढले. नवी हातोडी आली. ती साखळीने बांधली, कारण नारळ सगळ्यांच्याच घरी असतात.

मग जूनमध्ये एके दुपारी सुशीलाबाई स्वतः आल्या. भाग्यश्री मागे उभी होती. सुशीलाबाईंनी चपला पायरीपाशी काढल्या, वर चढल्या आणि थेट मागे गेल्या. "हे उघडून दाखवा," त्या म्हणाल्या. उत्तरेश्वरने उघडून दाखवलं. त्यांनी ते बंद करून स्वतः उघडलं. मग मुलीकडून उघडून घेतलं. एकेक खिडकी सरकवून पाहिली. शेवटी पुढच्या सीटवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "जाय. वाच काय वाचायचं ते. मी बसते इथं."

भाग्यश्री आपल्या कोपऱ्यात गेली. 'गुळाच्या गोदामातला पाहुणा' तिथेच सीटच्या खाचेत पडलं होतं. ती वाचू लागली. तिने दोन पानं उलटली. मग पुढच्या सीटवरून सुशीलाबाईंचा आवाज आला, "कोंडलं होतं म्हणत होतीस ते पोरगं. काय झालं मग त्याचं? सुटलं का?"

"सुटतो ना. पण गंमत पुढेच आहे."

"मग मोठ्यानं वाच की."

भाग्यश्री उठली, पुढे आली, आईच्या शेजारी बसली आणि शेवटचं प्रकरण पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागली. पायरीवर बसलेला उत्तरेश्वर तोंड फिरवून डोळे पुसत होता. खाली चपलांच्या तीन जोड्या होत्या, आणि त्यांतली एक निळी-लाल होती. दत्तोबांनी ती निळी कुत्र्याने उकरलेल्या खड्ड्यातून शोधून आणली होती.

आता माझं वय झालं आहे. रस्त्यावर धावायची मला परवानगी नाही. उत्तरेश्वर नवी बस चालवतो, तिच्यात म्हणे कॅमेरे आहेत. तरी रोज माणसं उतरली की तो शेवटच्या सीटपर्यंत चालत जातो, वाकून खाली बघतो आणि मोठ्याने विचारतो, "कोन ऱ्हायलं का?" मग तो उत्तरासाठी क्षणभर थांबतो. चपलांवर त्याने पुन्हा कधी भरवसा ठेवला नाही.

तुमच्या घरातल्या मोठ्यांना माझा निरोप सांगा. कुलूप लावण्याआधी शेवटच्या सीटपर्यंत चालत जा. आणि मित्रांनो, तुम्हाला एकच विनवणी. भरपूर वाचा, अगदी तहानभूक विसरून वाचा. पण कोणी हाक मारली, तर गोष्ट कितीही रंगात आलेली असू दे, पानात बोट ठेवा आणि आधी ओ द्या. गोष्ट कुठे पळून जात नाही. भाग्यश्रीचं शेवटचं प्रकरण जूनपर्यंत तिची वाट पाहत खाचेत पडून होतं.